ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या गच्चीवर क्रोकस: फ्रिजपासून फुलापर्यंत

ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटे पारा सहा-सात अंशांवर येतो, एखाद्या वर्षी दोन-तीनवरही. त्यामुळे इथल्या बाग करणाऱ्यांना वाटतं की युरोपात बर्फ वितळता वितळता उगवणारा क्रोकस आपल्याकडेही सहज यावा. नुसता कुंडीत खोचून तो येत नाही. पहाटेच्या गारठ्याने त्याचं भागत नाही, त्याला थंडी सलग हवी असते. वसंतात फुलणाऱ्या क्रोकसच्या कंदाला साधारण १२ ते १५ आठवडे २ ते ९ अंशांमध्ये राहावं लागतं. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी गच्चीवर स्वेटर काढावा लागतो. म्हणून हा अनुभव जितका कुंडीचा आहे तितकाच फ्रिजचाही आहे.

ऑक्टोबरात मी ऑनलाइन कंद मागवले. मोठ्या फुलांचे डच क्रोकस, म्हणजे जांभळा ‘रिमेम्ब्रन्स’, पांढरा ‘जान दार्क’ आणि रेघांचा ‘पिकविक’. लहान फुलांचा लवकर येणारा ‘क्रीम ब्यूटी’. आणि एका दुसऱ्या विक्रेत्याकडून ‘मिक्स कलर’ असं लिहिलेलं पाकीट. कंद स्वस्त नाहीत. आपल्या नर्सरीत पिटुनियाची रोपं ज्या भावात मिळतात, तो भाव इथे विसरायचा.

पाकीट उघडल्याबरोबर ओळख पटवून घ्या, फूल येईपर्यंत थांबू नका. क्रोकसचा कंद चपटा-गोल असतो आणि आडवा कापला तर आत थर नसतात, सगळा पांढरा भरीव गर असतो. आत कांद्यासारखे थर दिसले तर तो क्रोकस नाही. माझ्या मिक्स पाकिटात लांब मानेचे, थरांचे बरेच कंद निघाले. ते रेन लिलीचे होते, आपल्याकडे पहिल्या पावसानंतर गुलाबी-पांढरी फुलं येतात तीच. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. कंदाची सालही बोलकी असते. डच क्रोकसची साल बारीक तंतूंच्या जाळीची असते, तर ‘क्रीम ब्यूटी’च्या गटातल्या कंदांची साल तळाशी गोल कड्यांनी सुटते. पाकिटावरची चिठ्ठी हरवली तरी एवढ्यावरून दोन गट वेगळे करता येतात.

मी कंद उथळ प्लॅस्टिकच्या कुंड्यांत लावले, एकमेकांना चिकटणार नाहीत इतक्या अंतरावर, वर जेमतेम दोन-तीन बोटं माती. बागेत जमिनीत लावताना आठ-दहा सेंटिमीटर खोल लावतात, पण फ्रिजमधल्या कुंडीला तेवढी खोली लागत नाही. माती, वाळू आणि चाळलेलं शेणखत. पाणी साचलं की कंद सडतो, म्हणून वाळू सढळ हाताने घातली. मग कुंड्या पिशव्यांत सैल गुंडाळून वरच्या खोलीतल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवल्या, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. त्या फ्रिजमध्ये फळं अजिबात ठेवली नाहीत. सफरचंद, केळी, टोमॅटो पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याने कंदातली कळी आतल्या आतच मरते. घरात एकच फ्रिज असेल तर हीच खरी अडचण आहे. सासूबाईंनी जुना फ्रिज माझ्या हवाली केला नसता तर हा खटाटोप मी हाती घेतला नसता. माती जेमतेम ओलसर राहील एवढंच पाणी मधूनमधून द्यायचं. या काळात वर काही दिसत नाही, खाली मुळं भरत असतात.

जानेवारीच्या मध्यात, ग्वाल्हेरचा व्यापार मेळा ऐन भरात असताना, पांढरट कोंब दोन-तीन सेंटिमीटर वर आलेले दिसले आणि कुंड्या बाहेर काढल्या. आधी काही दिवस जिन्याखालच्या सावलीत, मग गच्चीच्या भिंतीशी. कोवळं ऊन मिळेल आणि अकरानंतर सावली येईल अशी जागा निवडली. खारींनी एक कुंडी उकरली, तेव्हापासून जाळी टाकली.

पहिलं फूल ‘क्रीम ब्यूटी’चं आलं, फिकट पिवळं, वसंत पंचमीच्या सुमारास. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी विचारलं, “अगं, केशर आलं का तुझ्याकडे?” पुढे हा प्रश्न इतक्या जणांनी केला की इथे नीट लिहिते. केशराचं फूल क्रोकसचंच, क्रोकस सॅटायव्हस, पण ते शरद ऋतूत फुलतं. काश्मीरच्या पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात बहर असतो. त्याचे तीन लांब लालभडक तंतू सुकवले की केशर होतं; एका किलोला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात. त्याला उन्हाळ्यात उबदार विश्रांती लागते. फेब्रुवारीत फुललेला क्रोकस केशर नाही. आतली नारिंगी काडी कितीही केशरासारखी दिसली तरी दुधात घालायची नाही.

फुलाची ओळख मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट. आत डोकावून पुंकेसर मोजायचे. क्रोकसमध्ये तीन, रेन लिलीत सहा, आणि ‘ऑटम क्रोकस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या कोल्चिकममध्येही सहा. हे शेवटचं लक्षात ठेवाच, कारण कोल्चिकम विषारी आहे, त्यातलं कोल्चिसीन जिवावर बेततं. तीन पुंकेसर ग्लॅडिओलस आणि आयरिसलाही असतात, क्रोकस त्यांच्याच कुळातला. मग पान बघायचं: गवतासारखं अरुंद आणि मधोमध पांढरी रेघ. आणि जे देठ वाटतं ते देठ नसतं, ती पाकळ्यांची लांब नळी असते. बी धरणारा अंडाशय जमिनीखालीच राहतो. मी एक फूल उभं चिरून नळी मातीपर्यंत जाताना मुलांना दाखवली, तेव्हा दोघंही गप्प बसून बघत राहिले. जातींचा फरकही इथेच कळतो. ‘क्रीम ब्यूटी’चा घसा पिवळा असतो; डच फुलं आकाराने मोठी, पाकळीचं टोक गोलसर, आणि ती मागाहून येतात.

धुक्याच्या दिवशी फुलं मिटलेली राहिली तर घाबरू नका. क्रोकस तापमानावर उघडतो. ऊब लागली की पाकळीची आतली बाजू भराभर वाढते आणि फूल उलगडतं. गारठा आला की बाहेरची बाजू वाढून ते मिटतं. मिटलेल्या फुलातही बघण्यासारखं असतं, ‘पिकविक’च्या जांभळ्या रेघा बाहेरूनही छान दिसतात. ऊन पडलं की मधमाश्या हजर.

आता तक्रार. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचं ऊन तापलं आणि डच फुलं तीन-चार दिवसांतच माना टाकू लागली. ‘जान दार्क’ तर उमलला आणि ढेपाळला. लहान फुलं लवकर आल्यामुळे गारव्यात निभावली. नंतरचं दुखणं मोठं आहे. फुलं गेल्यावर जुन्या कंदाच्या डोक्यावर नवा कंद भरतो आणि त्यासाठी पानं कित्येक आठवडे हिरवी लागतात. मार्चमध्ये पारा तिशीपलीकडे गेला की पानं पिवळी पडतात. एप्रिलमध्ये माती उपसली तेव्हा नवे कंद बहुतेक शेंगदाण्याएवढे मिळाले. एवढ्या कंदातून पान येतं, फूल नाही. म्हणून ग्वाल्हेरात क्रोकस हे एका हंगामाचं फूल धरावं आणि त्याच हिशेबाने पैसे घालावेत. कायमचा वाफा हवा असेल त्यांनी रेन लिलीच लावावी, ती आपल्या उन्हाळ्याला पुरून उरते.

मी पुन्हा लावणार आहे, पण डच जातींत पैसे घालणार नाही. येत्या ऑक्टोबरात ‘क्रीम ब्यूटी’ आणि लहान फुलांचा जांभळा ‘रूबी जायंट’ मागवेन, मिक्स पाकीट नको. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला जातीचं नाव आणि कंदाचा घेर सेंटिमीटरमध्ये विचारा. कंद आधीच थंड केलेले असतील तर किती आठवडे, तेही विचारा. तेवढे आठवडे आपल्या फ्रिजच्या हिशेबातून वजा करायचे.