हळकुंड की कर्क्युमिनची गोळी?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आईने हळकुंडं आणली आणि त्याच दिवशी भाऊ फार्मसीतून कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या, कॅप्सूल घेऊन आला. बाबांच्या गुडघ्यांसाठी.

हळदीत कर्क्युमिन वजनाच्या जेमतेम 3 टक्के, भावाने आणलेल्या एका कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम. आकड्यांत गोळी जिंकली. पण पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही. म्हणून बऱ्याच गोळ्यांत मिऱ्यातलं पिपरिन घालतात. 1998 सालच्या एका प्रयोगात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर रक्तात उतरण्याचं प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढलं होतं. आमच्या हुमणात, म्हणजे गोव्याकडच्या माशांच्या आमटीत, हळद, मिरी आणि नारळाचा रस एकत्र शिजतात, कर्क्युमिनला स्निग्ध पदार्थही मानवतो. अर्थात वाटीभर हुमणाने गुडघे सुधारतील एवढी मात्रा त्यात नसते, हे आईलाही सांगून झालं.

गोळीने गुडघेदुखी थोडी उतरल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. त्यात बाबा रक्त पातळ करणारं औषध घेतात, तेव्हा डॉक्टरांना विचारेपर्यंत बाटली कपाटात. हळकुंडं मात्र कुटून झाली. आईची बोटं अजून पिवळी आहेत.