‘उझुमाकी’ आणि ‘व्हॅगाबाँड’

जुन्जी इतो यांची ‘उझुमाकी’ आणि ताकेहिको इनोउए यांची ‘व्हॅगाबाँड’ या दोन्ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मालिका १९९८ मध्येच सुरू झाल्या, पण वाचकाला त्या अगदी वेगळ्या दिशांना नेतात. पहिलीत भुताखेतांऐवजी केवळ एक आकार, सर्पिल वळण, कुरोउझु या गावाला झपाटतो. गावातल्या शुइची या मुलाचे वडील त्या आकाराच्या वेडापायी एका गोल लाकडी पेटीत स्वतःचे शरीर वेटोळे करून मरतात आणि त्यांच्या चितेचा धूरही आकाशात गिरकी घेत वर चढतो. इतोंची बारीक, दाट रेषा इतकी शांतपणे काढलेली असते, की पान उलटण्यापूर्वी हात खरोखरच थबकतो.

‘व्हॅगाबाँड’ची सुरुवात जपानमधील १६०० च्या सेकिगाहारा लढाईनंतरच्या प्रेतांच्या खचातून होते. एइजी योशिकावा यांच्या कादंबरीवर आधारलेली ही मियामोतो मुसाशी या तलवारबाजाची कथा आहे. इनोउए यांनी मात्र प्रतिस्पर्धी कोजिरोला कर्णबधिर दाखवून तिला स्वतःचे वळण दिले. पुढे त्यांनी पेनऐवजी ब्रश वापरला, त्यामुळे गवताचे पातेही श्वास घेते असे वाटते. मला सर्वांत भावतो तो भाग लढाईचा नाहीच, तर नापीक जमीन कसणाऱ्या मुसाशीचा आहे.

‘उझुमाकी’ अवघ्या तीन खंडांत पूर्ण होते, तर ‘व्हॅगाबाँड’ ३७ खंडांनंतर २०१५ पासून थांबलेली आहे. तरीही पुन्हा वाचण्यासाठी मी दुसरीच निवडेन, कारण तिच्यातला माणूस बदलत जातो.