जुन्या बोटीचे केबिन-अस्तर: थेट चिकटवावे की प्लायवर चढवावे?

१९७० आणि १९८० च्या दशकांतील फायबरग्लासच्या शिडाच्या बोटींमध्ये केबिनचे छत आणि बाजू झाकण्यासाठी पाठीला पातळ फोम असलेले रेक्झिन थेट फायबरवर चिकटवण्याची पद्धत सर्रास होती. आज अशी बोट विकत घेणाऱ्याला छताचे अस्तर बहुधा झोळीसारखे लोंबताना दिसते आणि ते ओढले की डोक्यावर तांबूस-पिवळा, चिकट भुगा पडतो. रेक्झिन पुष्कळदा धड असते. कुजलेला असतो तो मधला फोम, कारण पॉलियुरेथेन फोम उष्णतेने आणि दमट हवेने हळूहळू विघटित होतो. त्यामुळे जुनेच रेक्झिन पुन्हा चिकटवण्याचा विचार सोडून द्यावा. खरी निवड उरते ती दोन पद्धतींत: नवे अस्तर पूर्वीप्रमाणे थेट चिकटवणे, किंवा ते पातळ प्लायवर चढवून त्या फळ्या फायबरला चिकटवलेल्या लाकडी पट्ट्यांवर स्क्रूने बसवणे.

थेट चिकटवण्याचा मोठा फायदा म्हणजे जागा वाचते. लाकडी पट्टी, प्लाय आणि फोम मिळून दीड-दोन सेंटिमीटर उंची जाते, आणि लहान बोटीत आधीच मान वाकवून वावरणाऱ्या माणसाला ती जाणवते. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, केबिनसारख्या दोन्ही दिशांनी वळलेल्या भागावर तर प्लाय बसतच नाही. मात्र या पद्धतीत जुन्या फोमचा कण अन् कण ड्रिलला लावलेल्या तारेच्या ब्रशने खरवडून काढावा लागतो, आणि मास्क लावून आडवे पडून करायच्या या कामाला नवे अस्तर लावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय गोंद बोटीतच लावावा लागतो. यासाठी वापरतात त्या निओप्रीनच्या (कृत्रिम रबराच्या) गोंदातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, आणि हवा दमट असेल तर त्यावर ओल धरून जोड कच्चा राहतो. म्हणून जून ते सप्टेंबर हे काम कोकण किनाऱ्यावर करूच नये. त्या वाफा ज्वालाग्राही असल्याने स्टोव्ह आणि बॅटरी बंद ठेवून सर्व खिडक्या आणि डेकवरची झाकणे उघडी टाकावीत. उन्हात तापणाऱ्या डेकखाली साधा गोंद मऊ पडतो, तेव्हा उष्णता सोसणाराच घ्यावा.

प्लायच्या फळ्या घरी, कोरड्या खोलीत, भर पावसाळ्यातही तयार करता येतात. पुठ्ठ्याचे साचे कापून आणले की फळ्या बनवायला बोटीवर थांबावे लागत नाही. फायबरही फक्त पट्ट्या चिकटतील तेवढाच स्वच्छ करावा लागतो. खर्च अधिक येतो, कारण आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय लागतो आणि स्टेपल स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. साध्या स्टेपल गंजून कापडावर तपकिरी ओघळ उमटवतात. प्लायच्या कडा इपॉक्सीने बंद केल्या नाहीत, तर महागडा प्लायही तिथूनच पाणी पितो. रेक्झिन लांब बाजूच्या मध्यापासून ताणत न्यावे आणि कोपरे शेवटी घ्यावेत, नाहीतर चुण्या पडतातच.

तरीही छतासाठी मी फळ्यांच्याच बाजूने आहे, आणि त्याचे कारण दिसण्यात नाही. कठड्याचे खांब, विंच (दोर ओढण्याची फिरकी) आणि पुली यांचे नट-बोल्ट छताच्या आतल्या बाजूला उतरतात. एखाद्या बोल्टपाशी झिरपलेले पाणी चिकटलेल्या अस्तरामागून वाहत जाऊन हातभर दूर ठिबकते, आणि मूळ जागा शोधायला नवे कोरे रेक्झिन फाडावे लागते. फळी असेल तर चार स्क्रू काढले की काम झाले. बाजूंना, जिथे बोल्ट नाहीत आणि वळण जास्त आहे, तिथे थेट चिकटवलेले अस्तर पुरेसे आहे. युरोपीय बोटींत दिसणारे गालिच्यासारखे अस्तर वळणावर सहज बसते, पण आपल्याकडच्या ओलाव्यात त्याला बुरशीचा वास लागतो. मी ते घेणार नाही.

फळ्या बसवण्यापूर्वी प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक आणि नाळेकडे दाखवणारा बाण काढावा, तसेच मागून जाणाऱ्या दिव्यांच्या वायरींचे छायाचित्र घेऊन ठेवावे. स्क्रू नेमका वायरीतच घुसण्याची खोड जुन्या बोटींना असते.