शेअर दाबलं की ॲप बंद पडायचं, ते मुळापासून नीट करणारी ठाण्याची टीम

लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर बनवायचं आमचं छोटं ॲप आहे, लोक पत्रिका बनवतात आणि शेअर दाबून व्हॉट्सॲपवर पाठवतात, ॲपचा जीवच तो. २०२२ च्या ऐन लग्नसराईत तक्रारी सुरू झाल्या, फोनला अँड्रॉइड १२ चं अपडेट आलं की शेअर दाबल्या दाबल्या ॲप बंद, आणि ज्यांच्याकडे ११ आहे त्यांचं व्यवस्थित चालू. ज्यांनी ॲप बनवून दिलं होतं ते म्हणाले सगळं नव्याने लिहावं लागेल. मग ओळखीतून ठाण्यातली दोघांची टीम मिळाली, आणि हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी.

त्यांनी आधी प्ले कन्सोलचा, म्हणजे गूगल प्लेवरचं ॲप जिथून सांभाळतात त्या पानाचा ॲक्सेस मागितला, तिथे अँड्रॉइड व्हायटल्स या भागात क्रॅशचा लॉग, म्हणजे ॲप कुठे आणि का बंद पडलं त्याची नोंद, सरळ पडलेला होता. कारण मलाही कळेल असं समजावलं. ग्राहकाने शेअर करताना व्हॉट्सॲप निवडलं की टेलिग्राम हे कळावं म्हणून आमचं ॲप सिस्टमकडे एक पेंडिंग इंटेंट देतं, म्हणजे आमच्या नावाने काम करायची परवानगी. ती सही केलेल्या कोऱ्या चेकसारखी कुणी वापरू नये म्हणून अँड्रॉइड १२ पासून नियम आला, त्यात बदल करता येईल की नाही ते स्पष्ट लिहायचं, म्युटेबल किंवा इम्युटेबल. ॲप एपीआय ३१ ला टार्गेट असेल, म्हणजे अँड्रॉइड १२ च्या नियमांसाठी बनवलेलं असेल, आणि हे लिहिलेलं नसेल तर सिस्टम एक्सेप्शन, म्हणजे चूक टाकते आणि ॲप बंद पडतं. जुना अँड्रॉइड हे तपासतच नाही, म्हणून ११ वर सगळं छान!

इथे बरेच जण इम्युटेबल लिहून मोकळे होतात. क्रॅश थांबतो, पण मग कुठलं ॲप निवडलं ही माहिती परत येतच नाही कारण ती सिस्टमला त्यातच भरायची असते. यांनी म्युटेबल ठेवलं आणि तो इंटेंट फक्त आमच्याच रिसीव्हरला, म्हणजे आमच्या ॲपमधल्या निरोप घेणाऱ्या भागाला जाईल असा बांधून दिला. तेव्हा मला वाटलं जरा जास्तच काळजी करतायत, पण २०२३ ला अँड्रॉइड १४ आलं आणि त्यात एपीआय ३४ टार्गेट केलं की म्युटेबल असून कुणाला जायचं ते न लिहिलेला इंटेंट चालतच नाही, तिथेही एक्सेप्शन. आमचं शेअर तेव्हा अजिबात अडलं नाही, म्हणून मी इतक्या उशिरा पण मनापासून लिहितोय.

टेस्टिंग खऱ्या फोनवर करतात, जुन्या अँड्रॉइडवरही, हे मला फार आवडलं. पैसेही कामाच्या मानाने रास्त घेतले. फोन मात्र संध्याकाळनंतर उचलत नाहीत, मेसेज टाकून ठेवायचा, सकाळी उत्तर येतं. आणि आयफोनचं काम ते घेत नाहीत, त्यासाठी दुसरं कुणीतरी बघावं लागेल.