खरेदी विभागाच्या मनुष्यबळ नियोजनाची कार्यशाळा: कुणी जावं, कुणी थांबावं

सेनापती बापट रस्त्यावर एका खासगी संस्थेने संरक्षण खरेदी विभागांसाठी मनुष्यबळ नियोजनाची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. खडकीच्या एका संरक्षण कार्यालयात मी आस्थापना शाखा सांभाळते, म्हणून मला पाठवलं होतं. पहिल्या दिवसाने पैसे वसूल झाले, दुसरा अर्धवट राहिला.

पहिल्या दिवशीचे सर या कामात मुरलेले. मंजूर पदं आणि रिक्त पदं यांचा नेहमीचा तक्ता त्यांनी बाजूला ठेवायला लावला. आज किती खुर्च्या रिकाम्या, एवढंच तो सांगतो. पाच वर्षांनी कोण नसेल, ते जन्मतारखांवरून कळतं. निवृत्ती, बदली, राजीनामा, पदोन्नती असे वेगळे रकाने करून आम्ही सगळं मांडलं. वरची जागा पदोन्नतीने भरली की खालची रिकामी होते आणि तिथे नवा माणूस येऊन तयार होईपर्यंत काळ जातो, हे इतकं स्वच्छ मी आधी पाहिलं नव्हतं. अमेरिकेचा दाखलाही नेमका होता. तिथे संरक्षण खरेदीतल्या लोकांच्या प्रशिक्षणाचा कायदा 1990 मध्ये झाला, त्याच नव्वदच्या दशकात माणसं मात्र घटवली आणि 2008 मध्ये तेच मनुष्यबळ पुन्हा उभं करायला वेगळा निधी काढावा लागला.

सोबत दिलेल्या एक्सेल फाइलमध्ये मात्र एक चूक आहे. केंद्राचा कर्मचारी साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. पण जन्म 1 तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटी. शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेली माणसं आपल्याकडे प्रत्येक कार्यालयात आहेत. ती 31 मे रोजी जातात, फाइल त्यांना 30 जूनपर्यंत धरते. 1 एप्रिलवाल्यांचं तर आर्थिक वर्षच बदलतं, आणि खरेदीत मार्चअखेर म्हणजे काय हे सांगायला नको. मी तिथेच दाखवून दिलं, त्यांनी मान्य केलं, पण सुधारलेली फाइल अजून आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी कामाचा बोजा मोजायचा होता. तिथे प्रकरणांच्या संख्येला माणसांनी भागून मोकळे झाले. जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरून कागदाची रिमं मागवणं आणि तांत्रिक मूल्यमापन, दरवाटाघाटी, वित्त सल्लागारांची सहमती असं सगळं लागणारी फाइल या सारख्या कशा धरायच्या? पुरवठा आदेश निघाल्यावरही बँक गॅरंटीची मुदत, डिलिव्हरीची मुदतवाढ, उशिराचा दंड हे सांभाळणारं कुणीतरी लागतंच. त्यात 1 नोव्हेंबर 2025 पासून 2009 च्या जागी नवी संरक्षण खरेदी नियमावली लागू झाली, म्हणजे एका फाइलला लागणारा वेळ नव्याने मोजायला हवा. या साऱ्याला जेमतेम अर्धा तास मिळाला. मला याचं फार वाईट वाटलं, कारण इथे माणूस कमी पडला की सुटा भाग उशिरा येतो, गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहते आणि तिकडे युनिट वाट बघत बसतं.

आस्थापना शाखेतल्यांनी जरूर जावं. खरेदीतल्यांनी आधी दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक मागवून घ्यावं आणि कामाच्या बोज्याला निदान अर्धा दिवस असेल तरच नाव द्यावं. फाइल वापरणार असाल तर 1 तारखेचे जन्म वेगळे काढून त्यांच्या निवृत्तीच्या तारखा हाताने भरा.