दादरचा शनिवारचा पालकवर्ग: २०० रुपयांत प्रगतिपत्रक वाचायला शिकले

माझं लालबागला पोळीभाजी केंद्र आहे. शिक्षण दहावीपर्यंत, तीही ७५० गुणांच्या काळातली. मुलगी नववीत. तिचं प्रगतिपत्रक आलं की मी शेवटची टक्केवारी बघायची आणि सही करायची. यंदा शाळेच्या कागदावर ७४.३३ होते आणि एका क्लासवाल्याने तेच गुण बघून ७७ सांगितले. फरक कसा, हे विचारायला गेले तर त्याने फीचा कागद पुढे केला.

शेजारणीने दादरच्या या वर्गाचं सांगितलं. एक निवृत्त मुख्याध्यापिका शनिवारी संध्याकाळी दोन तास फक्त पालकांना बसवतात. घरटी २०० रुपये. येताना प्रगतिपत्रक आणि पेन्सिल आणायची.

बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत माझा घोळ सोडवला. दोन्ही टक्के बरोबर होते. सहा विषयांचे ६०० पैकी ४४६, म्हणून ७४.३३. दहावीच्या बोर्डात मात्र २०१० पासून सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढतात. गणिताचे ६१ बाजूला ठेवले की ५०० पैकी ३८५, म्हणजे ७७. ‘पण गणित सुटलं असं समजू नका हं, पास सगळ्यांत व्हावंच लागतं,’ हे त्यांनी दोनदा बजावलं.

खरं शिकले ते पुढे. बाई म्हणाल्या, इंग्रजीच्या ओळीवर बोट ठेवा आणि लेखी नि तोंडी वेगवेगळं वाचा. ६८ मध्ये लेखी ८० पैकी ५७ आणि तोंडी २० पैकी फक्त ११. वर्षभर मी तिला ‘लिहायचा सराव कर’ म्हणून ओरडत होते आणि पोर अडली होती बोलताना. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, ‘आई, सगळ्यांसमोर उभं राहिलं की शब्दच फुटत नाही.’ मला फार वाईट वाटलं. आता रात्री मी कणीक मळते तेव्हा ती शेजारी बसून एक धडा मोठ्याने वाचते.

वेळापत्रकाचंही नीट समजलं. दहावीला बीजगणित आणि भूमिती, तसंच विज्ञानाचे दोन भाग, हे ४०-४० गुणांचे वेगळे पेपर वेगळ्या दिवशी असतात आणि तोंडी-प्रात्यक्षिक लेखीच्या आधीच उरकतात. म्हणजे जानेवारीत गावी लग्नाला जायचा बेत आत्ताच रद्द.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला शेवटची पंधरा मिनिटं मिळाली, ती अपुरी पडली. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, एवढं मी लिहून घेतलं. त्यासाठी वेगळा वर्ग हवा. सीबीएसईवाल्या एका आईचं तर जेमतेम भागलं: बोर्डाचा ए-वन, म्हणजे सर्वांत वरचा ग्रेड, ठरावीक गुणांवर मिळत नाही, त्या विषयात पास झालेल्यांतल्या वरच्या एक अष्टमांश मुलांना मिळतो, इतकंच तिला कळलं. खोलीत पंखा एकच, मागे बसलं तर फळा दिसत नाही.

तरी नववी-दहावीच्या आईवडिलांनी जावंच, जमलं तर दोघांनी. साडेपाचला पोचा म्हणजे पुढे जागा मिळते आणि प्रगतिपत्रकाची झेरॉक्स न्या, कारण बाई त्यावर भरपूर खुणा करायला लावतात.