जुनी खेळणी विकायचीत: आहे तशी, की दुरुस्त करून?

भुसावळ-जळगावकडे जुन्या घराचं धाबं उतरवून स्लॅब टाकायची वेळ आली की पत्र्याच्या पेट्या उघडल्या जातात. कधी चावीची मोटार निघते, कधी पितळी भातुकली, कधी टवके उडालेली डिंकी, म्हणजे ओतीव धातूची छोटी विलायती गाडी. ही खेळणी भंगारात किलोवर घालायची नसतात, हे आता बहुतेकांना कळलंय. पण लगेच ‘जरा चकाचक करून विकू’ अशी हुक्की येते. माझं मत आधीच सांगून टाकतो: यंत्र दुरुस्त करा, रंगाला हात लावू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ओतीव धातूच्या गाड्यांचं. संग्राहक पैसे मोजतो ते कारखान्यातल्या मूळ रंगाचे. टवके उडालेली मूळ गाडी नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा सहसा जास्त भाव खाते, आणि खरवडलेला रंग काही परत येत नाही. ‘निकी’ गाड्यांची तर गंमतच आहे. डिंकीचे वापरलेले साचे कोलकात्यात आले आणि त्यांतून या गाड्या निघाल्या. म्हणून कडा बोथट, रंग जाडसर. ओबडधोबडपणा हीच त्यांची ओळख. गॅरेजमध्ये देऊन गुळगुळीत स्प्रे मारून आणलात, तर जाणकार गिऱ्हाईक ती उलटसुलट करून पाहील आणि खाली ठेवेल. रंग पार गेलाय, चाकंही नाहीत, अशी गाडी खुशाल रंगवा. फक्त मजुरी गाडीच्या किमतीवर जात नाही ना ते बघा, आणि ‘पुन्हा रंगवलेली’ असं विकतानाच सांगा.

चावीच्या खेळण्याचं उलट आहे. बंद असेल तर भाव पडतो. बऱ्याचदा आत नुसतं तेल सुकून धूळ बसलेली असते. फटीतून शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब सोडा, रात्रभर ठेवा, मग चावी हलक्या हाताने फिरवा. तरी हललं नाही तर घड्याळजीकडे न्या. पत्रा जोडणाऱ्या पट्ट्या स्वतः उचकटू नका. दोन-तीनदा वाकवल्या की तुटतातच. गंजावर पॉलिश पेपर मारलात तर गंजाबरोबर छापील चित्रही जातं.

फनस्कूल कंपनीच्या जी. आय. जो या प्लास्टिकच्या शिपाई-बाहुल्यांना कमरेत रबरी रिंग असते. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडून ती कडक होते, तुटते आणि शिपायाचे दोन तुकडे होतात. ती जरूर बदला; याला कोणी नाक मुरडत नाही. पिवळं पडलेलं प्लास्टिक पेरॉक्साइडने पांढरं करता येतं, पण ते पुन्हा पिवळं पडू शकतं. मी त्या फंदात पडणार नाही.

भातुकलीत मात्र घेणारा कोण, यावर सगळं ठरतं. रुखवतात मांडायला नेणाऱ्याला झळाळी हवी. त्याच्यासाठी चिंच-मीठ लावून घासा. पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला वर्षांचा काळसरपणा हवा असतो. त्याला दाखवायची असेल तर सुक्या फडक्याने पुसून ठेवा. संच शंभर वर्षांहून जुना वाटत असेल, तर परदेशी गिऱ्हाइकाला हो म्हणण्याआधी चौकशी करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात असा माल खासगी व्यक्तीला बाहेर पाठवता येत नाही.

आणि खोका असेल, कितीही फाटका, तर त्याला चिकटपट्टी लावू नका.